उभे राहायचे कुठे?
गाडी आणि प्रवासी यांच्या भेटीच्या जागेचा चारशे वर्षांचा शोध

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती आणि संध्याकाळी तिला घरी न्यायचे होते. रुग्णालय मुंबईच्या उपनगरात, रेल्वेच्या पूर्वेला. मी मोबाइलवरून गाडी मागवली. पाच मिनिटांत चालकाचा फोन आला.

"ताई, मी लोकेशनवर उभा आहे. तुम्ही दिसत नाही."

"दादा, आम्ही गेटवरच उभे आहोत. पूर्वेला."

"माझ्याकडे तर पश्चिम दाखवतंय."

दोघेही खरेच बोलत होतो. मोबाइलने आमची जागा जेमतेम साठ-सत्तर मीटर चुकीची दाखवली होती. मोकळ्या मैदानात एवढी चूक कुणाच्या लक्षातही आली नसती. इथे मात्र मध्ये रेल्वेचे रूळ होते. पुलावरून वळसा घालून यायला त्या पावसात अर्धा तास लागला असता. शेवटी त्यांनी फेरी रद्द केली. त्यांचे पेट्रोल गेले, आमचा वेळ गेला. डोळ्याला पट्टी बांधलेली आई तेवढा वेळ भिंतीला टेकून उभी होती.

तेव्हापासून एक साधा प्रश्न डोक्यात घर करून बसला. भाड्याची गाडी आणि प्रवासी यांनी भेटायचे कुठे, हे आजवर कोण ठरवत आले? आज संगणकशास्त्रातील हुशार मंडळी 'प्रवाशाला घेण्याची योग्य जागा आधीच कशी ओळखावी' या कोड्यावर काम करत आहेत. कोडे नव्या साधनांचे असले तरी प्रश्न जुना आहे. त्याचा माग काढत गेलो तर थेट सतराव्या शतकातल्या लंडनपर्यंत जावे लागते.

खांबापाशी उभ्या चार गाड्या

1634 साली लंडनमध्ये बेली नावाच्या एका निवृत्त दर्यावर्दी कप्तानाने चार घोडागाड्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. भाड्याच्या गाड्या त्याआधीही होत्या, पण त्या सरायांच्या आवारात उभ्या असत आणि ज्याला हवी त्याने तिथे जाऊन विचारायचे असे. बेलीने गाड्या रस्त्यावर आणल्या. स्ट्रँड या हमरस्त्यावर 'मेपोल' म्हणजे उत्सवाचा एक उंच खांब होता. तो दुरूनही दिसे. त्याच्या पायथ्याशी गाड्या दिवसभर उभ्या राहतील, असे त्याने ठरवले. गाडीवानांना एकसारखा पोशाख दिला आणि शहराच्या कुठल्या भागाला किती भाडे घ्यायचे, हेही नेमून दिले. त्याच वर्षी लिहिलेल्या एका पत्रात ही हकिकत आली आहे. बेलीचे पाहून इतर गाडीवानही तिथे येऊन उभे राहू लागले, असेही त्या पत्रातून कळते. गाड्यांचा पहिला 'स्टँड' म्हणून इतिहासकार याच जागेकडे बोट दाखवतात.

बेलीचे खरे भांडवल त्या चार गाड्या नव्हत्या. गाडी कुठे मिळेल हे सर्वांना आधीच ठाऊक असणे, हे त्याचे भांडवल होते. तिकडे पॅरिसमध्ये त्याच शतकाच्या मध्यास निकोला सोव्हाज नावाच्या गृहस्थाने संत फियाक्र यांचे नाव असलेल्या एका वास्तूपाशी भाड्याच्या गाड्या ठेवल्या. जागेचे नाव गाडीला चिकटले आणि फ्रेंच भाषेत भाड्याच्या घोडागाडीला 'फियाक्र' म्हणू लागले. 1662 मध्ये गणितज्ञ ब्लेझ पास्कालच्या पुढाकाराने पॅरिसमध्ये पाच सू भाड्याच्या, ठरावीक मार्गाने धावणाऱ्या गाड्या सुरू झाल्या. तिथे मार्गही ठरलेला आणि भाडेही. प्रवाशाने त्या मार्गावर येऊन थांबायचे, एवढेच उरले. आजच्या बसचे मूळ त्यात आहे.

स्टँडबरोबर भांडणेही आली. गाड्यांनी रस्ते अडतात अशा तक्रारी वाढल्या आणि बेलीच्या प्रयोगाला दोन वर्षे होण्याआधीच राजाने भाड्याच्या गाड्यांवर निर्बंध घालणारे फर्मान काढले. पुढे परवाने आले, गाड्यांच्या संख्येवर मर्यादा आली. 1831 च्या कायद्याने तर रस्त्यावर उभी असलेली भाड्याची गाडी ही भाड्यासाठीच उभी आहे असे मानले जाईल, असे ठरवून टाकले. म्हणजे स्टँडवर उभे राहणे हा गाडीवानाचा हक्क झाला, तशी समोर येईल त्या प्रवाशाला नेणे ही त्याची जबाबदारी झाली.

या स्टँडवर 'वॉटरमन' नावाचा एक माणूस असे. घोड्यांना पाणी पाजणे हे त्याचे काम, पण प्रवासी आला की रांगेतली पुढची गाडी बोलावणेही त्याच्याकडेच. 1875 पासून एका धर्मादाय निधीतून गाडीवानांसाठी हिरव्या लाकडी खोल्या उभ्या राहिल्या. त्या सार्वजनिक रस्त्यावर असल्यामुळे एका घोडागाडीइतक्या जागेत बसवाव्या लागल्या. त्यांपैकी काही आजही लंडनमध्ये आहेत. शहराने या भेटीच्या जागेला पाणी, छप्पर आणि माणूस दिला होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

गाडीतळ, टी.टी. आणि रांग

आपल्याकडे या जागांच्या खुणा नावांत उरल्या आहेत. पुण्याच्या हडपसरला आजही 'गाडीतळ' आहे. बैलगाड्या गेल्या, तळ राहिला. मुंबईत 9 मे 1874 रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली, 1907 मध्ये ती विजेवर धावू लागली आणि 31 मार्च 1964 रोजी बंद पडली. तरीही त्यानंतर जन्मलेली माणसे 'दादर टी.टी.ला उतरा' असेच सांगतात. टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. गाडी बंद होऊन साठ वर्षे झाली तरी भेटीची जागा लोकांच्या जिभेवरून हललेली नाही.

मोटार टॅक्सी मुंबईत आली ती 1911 च्या सुमारास. तेव्हा रस्त्यावर व्हिक्टोरियांचे राज्य होते. दोन्हींची पद्धत मात्र एकच. नाक्यावर, स्टेशनाबाहेर, थिएटरापाशी रांगेत उभे राहायचे, किंवा रिकामे फिरत हात दाखवणाऱ्याची वाट पाहायची. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे प्रतीक बनलेली प्रीमियर पद्मिनी 30 ऑक्टोबर 2023 रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली, तोपर्यंत तिच्या चालकांनी दोन्ही रीती सांभाळल्या.

काही जागा कायद्याने घडवल्या. रिक्षांना मुंबई बेटावर परवानगी नाही, त्या वांद्रे आणि शीवपर्यंतच येतात. त्यामुळे त्या सीमेवर रिक्षा सोडून टॅक्सी किंवा बस धरण्याच्या जागा आपोआप तयार झाल्या. काही जागा लोकांनी घडवल्या. चर्चगेटबाहेर सकाळी नरिमन पॉइंटला जाणाऱ्या शेअर टॅक्सीची रांग ज्याने पाहिली आहे, त्याला वेगळे सांगायला नको. तिथे नवख्या माणसाने नकाशा पाहावा लागत नाही, शेवटच्या माणसाच्या मागे उभे राहिले की झाले.

या साऱ्यामागे कायद्याची एक चौकट आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 117 वे कलम सांगते की, वाहने कुठे उभी राहतील आणि प्रवासी वाहने चढ-उतारापेक्षा अधिक काळ कुठे थांबू शकतील, हे राज्य सरकार किंवा त्याने नेमलेला अधिकारी स्थानिक स्वराज्य संस्थेशी विचारविनिमय करून ठरवू शकतो. म्हणजे रिक्षा स्टँडची ती फिकट पाटी ही एक सार्वजनिक निर्णयाची खूण आहे. त्या निर्णयाविरुद्ध नगरसेवकाकडे जाता येते, अर्ज करता येतो, वर्तमानपत्रात पत्र लिहिता येते.

पत्ता सांगण्याची कला

यात पहिला मोठा बदल टेलिफोनने केला. प्रवाशाने गाडीकडे जाण्याऐवजी गाडीनेच दाराशी यावे, ही सोय त्यामुळे झाली. मुंबईत 2007 मध्ये मेरूसारख्या कंपन्यांनी फोनवरून मिळणाऱ्या टॅक्सी मोठ्या प्रमाणावर आणल्या. पण दाराशी यायचे तर दार कुठे आहे ते सांगता आले पाहिजे, आणि आपले पत्ते कसे असतात ते आपल्याला माहीत आहे. 'मारुतीच्या देवळासमोरची गल्ली, पिठाच्या गिरणीवरून डावीकडे, जुन्या चाळीच्या मागे.' हा पत्ता नसून प्रवासवर्णन आहे. ज्याला देऊळ ठाऊक आहे त्याला तो अचूक पोहोचवतो आणि ज्याला ठाऊक नाही त्याला अजिबात नाही.

हा गोंधळ टपाल खात्याने फार आधी ओळखला होता. एकाच नावाची अनेक गावे, अनेक भाषा आणि अनेक लिप्या यांवर उपाय म्हणून 15 ऑगस्ट 1972 रोजी सहा आकडी पिन कोड सुरू झाला. तो ज्यांनी घडवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, टपाल-तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे नावाजलेले कवी. त्यांच्या सहा आकड्यांनी पत्र योग्य टपाल कार्यालयापर्यंत नेले. तिथून दारापर्यंतचा रस्ता पोस्टमनच्या डोक्यात होता. 2025 मध्ये टपाल खात्याने 'डिजिपिन' आणला. त्यात देशाची सुमारे चार मीटर लांब-रुंद अशा चौकोनांत विभागणी करून प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा संकेत दिला आहे. आता दार सापडेल. पण गाडी दारात उभी राहू शकते का, हा प्रश्न त्या संकेताच्या बाहेरचा आहे. चाळीतल्या तिसऱ्या मजल्याच्या दाराला चौकोन मिळतो, रस्ता मिळत नाही.

आकाशातून आलेले उत्तर

दुसरा बदल आकाशातून आला. अमेरिकेच्या जीपीएस यंत्रणेचे उपग्रह सुमारे 20,000 किलोमीटर उंचीवरून वेळेचे संकेत पाठवतात. निदान चार उपग्रहांचे संकेत किती उशिरा पोहोचले, यावरून मोबाइल आपली जागा काढतो. ही यंत्रणा मूळची लष्करी. नागरी वापरासाठीच्या संकेतात मुद्दाम दोष मिसळलेला असे आणि त्यामुळे शंभर मीटरपर्यंत चूक होई. 1 मे 2000 च्या मध्यरात्री राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने तो दोष काढून टाकण्यात आला. त्या आदेशाशिवाय मोबाइलवरची टॅक्सी शक्यच झाली नसती. 2008 मध्ये जीपीएस असलेले आयफोन आणि ॲपचे दुकान दोन्ही आले. 2010 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत उबरची सेवा सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबई आयआयटीच्या दोन माजी विद्यार्थ्यांनी ओला कंपनी स्थापन केली. 2013 मध्ये उबरही भारतात आली.

वाटले होते, आता पत्ता सांगायची कटकट संपली. नकाशावर एक ठिपका लावला की गाडी हजर. पण प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात 30 सेंटीमीटर जातो. उपग्रहाचा संकेत समोरच्या टोलेजंग इमारतीवर आपटून फिरून आला आणि त्याला अशा शंभर भागांइतका उशीर झाला, तर हिशेबात 30 मीटरची भर पडते. उंच इमारतींच्या दाटीत, पुलाखाली, पत्र्याच्या छपराखाली ही चूक हटकून होते. आमच्या वेळी तेच झाले असावे.

त्याहून महत्त्वाची अडचण वेगळीच आहे. ठिपका अगदी अचूक असला तरी तो माणसाची जागा सांगतो, भेटीची नव्हे. माणूस इमारतीच्या मागच्या खोलीत असतो, गाडी पुढच्या रस्त्यावर येते. रस्ता एकदिशा असतो. सोसायटीचे मागचे फाटक रात्री दहाला बंद होते. समोर दुभाजक असतो. या गोष्टी कुठल्याही उपग्रहाला दिसत नाहीत.

संगणक अंदाज कसा बांधतो

म्हणून कंपन्यांचे संशोधक दुसरीकडे वळले. प्रवाशाने ठिपका कुठे लावला हे बाजूला ठेवून फेरी प्रत्यक्षात कुठे सुरू झाली, ते पाहायचे. एका इमारतीतून वर्षभरात हजार फेऱ्या झाल्या असतील, तर नकाशावर हजार ठिपके पडतात. ते सांडलेल्या ज्वारीच्या दाण्यांसारखे विखुरलेले असतात, पण नीट पाहिले तर दोन-तीन ठिकाणी त्यांचे ढीग दिसतात. एक मुख्य फाटकाशी, एक कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी. असे दाट ढीग ओळखणे आणि एकटे-दुकटे दाणे सोडून देणे, यासाठी गणिती रीती आहेत. त्यांतली एक फार प्रसिद्ध रीत म्युनिकच्या चार संशोधकांनी 1996 मध्येच मांडली होती. तेव्हा मोबाइलवरच्या टॅक्सीची कल्पनाही नव्हती.

पुढची पायरी ठिपक्यांना रस्त्यावर बसवण्याची. गाडीचा माग इमारतींवरून गेलेला दिसला, तर ती खरोखर कुठल्या रस्त्यावर होती हे शक्यतेच्या हिशेबाने ठरवावे लागते. या कामासाठी मायक्रोसॉफ्टच्या दोन संशोधकांनी 2009 मध्ये मांडलेली पद्धत आजही पायाभूत मानली जाते. त्यानंतर येते निवड. दोन-तीन जागांपैकी या प्रवाशाला, या वेळी, या दिशेला जायचे असताना कुठली सुचवायची? प्रवाशाला किती चालावे लागेल, गाडीला किती वळसा पडेल, त्या जागी पूर्वी किती फोन करावे लागले, किती फेऱ्या रद्द झाल्या, या सगळ्याला वजन देऊन संगणक जागांची क्रमवारी लावतो. अंदाज बरोबर आला की नाही, हे सुचवलेली जागा आणि प्रत्यक्ष भेटीची जागा यांतल्या अंतरावरून मोजता येते.

पद्धत चांगली आहे आणि बहुतेक वेळा तिचा उपयोगही होतो. पण तिच्या मर्यादा तिच्या मुळातच आहेत. एक म्हणजे, 'पोहोचलो' हे बटण चालक कधी गल्लीच्या तोंडाशीच दाबतो, कधी निघाल्यावर आठवणीने दाबतो. मूळ नोंदच तिरकी असली तर ढीगही तिरका पडतो. दुसरे म्हणजे, संगणक कोरड्या दिवसांत शिकतो आणि परीक्षा पावसात होते. हिंदमाताला पाणी तुंबले की वर्षभराचा अनुभव एका तासात कुचकामी ठरतो. तिसरी मर्यादा अधिक खोल आहे. एकदा जागा सुचवली की लोक तिथेच जाऊ लागतात. तिथे गेल्याने तिथले ठिपके वाढतात आणि ठिपके वाढल्याने तीच जागा योग्य ठरते. अंदाज स्वतःचाच पुरावा तयार करतो.

आणि ठिपके पडतात कोणाचे? जे धडधाकट आहेत, शंभर पावले सहज चालतात, त्यांचे बहुसंख्य. कुबड्या घेऊन चालणारा, व्हीलचेअरवरचा, लहान मूल कडेवर असलेली बाई, रात्री अंधाऱ्या कोपऱ्यावर उभे राहायला घाबरणारी मुलगी, यांच्या फेऱ्या त्या ढिगात बुडून जातात. 2018 मध्ये उबरने अमेरिकेतील काही शहरांत स्वस्त भाड्याच्या बदल्यात प्रवाशाने थोडे चालत कोपऱ्यापर्यंत यावे, अशी सेवा आणली. चालणे हा तिथे उघड सौदा होता. जिथे सौदा उघड नसतो, तिथेही कोणीतरी चालतच असते.

अदृश्य स्टँड

आता मागे वळून पाहिले तर एक गंमत दिसते. आधी प्रवासी स्टँडवर जाई. मग हात दाखवू लागला, मग फोनवर दारात गाडी बोलावू लागला. आता ॲप पुन्हा त्याला सांगते, 'अमुक ठिकाणी चालत या.' सुचवलेली जागा म्हणजे दुसरे काय? तो स्टँडच आहे. मोठ्या विमानतळांवर तर हे उघडच दिसते. तिथे ॲपच्या गाड्या ठरलेल्या आवारात थांबतात आणि मोबाइलमधल्या आभासी रांगेत आधी आलेल्याला आधी भाडे मिळते. कप्तान बेलीला ही व्यवस्था समजावून सांगायला दोन मिनिटे पुरली असती.

फरक आहे तो वेगळ्या ठिकाणी. मेपोल सर्वांना दिसत होता. ॲपचा स्टँड एका माणसाच्या पडद्यावर, एका फेरीपुरता दिसतो. तो कोणी, का ठरवला हे विचारायला खिडकी नाही. तो बसथांब्यावर पडला आणि गाड्यांनी बस अडवली, तर महापालिकेला ते नंतर कळते. ज्याच्या दुकानासमोर तो पडला त्यालाही कोणी विचारलेले नसते. 117 व्या कलमातला 'विचारविनिमय' इथे कुठेच येत नाही.

ज्ञानाचा प्रश्नही आहेच. लंडनच्या टॅक्सीचालकांना 1865 पासून 'नॉलेज' नावाची परीक्षा द्यावी लागते. चॅरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिसरातले सुमारे 25,000 रस्ते पाठ करावे लागतात. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या चालकांच्या मेंदूतल्या, जागांच्या स्मरणाशी संबंधित भागाचा मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा आढळला. मुंबईच्या चालकांनी परीक्षा दिली नसेल, पण कुठले फाटक कधी बंद होते, कुठल्या रुग्णालयाबाहेर कुठल्या बाजूला चढ नाही, हे त्यांना ठाऊक असते. आज संगणक जे शिकतो ते त्यांच्याच चाकांच्या मागावरून शिकतो. शिकून झाल्यावर ते ज्ञान कंपनीचे होते आणि ज्याच्याकडून ते आले त्यालाच सांगितले जाते, 'लोकेशनवर जा.'

यावर उपाय अवघड नाहीत. कंपन्यांनी शहरातल्या गर्दीच्या ठिकाणच्या सुचवलेल्या जागा महापालिकेला आणि वाहतूक पोलिसांना दाखवाव्यात. रुग्णालये, स्टेशने, शाळा यांच्याबाहेर त्या जागा रंगवून, पाटी लावून सर्वांना दिसतील अशा कराव्यात, म्हणजे रिक्षा, टॅक्सी आणि ॲपची गाडी एकाच ठिकाणी मिळेल. 'मला चालता येत नाही' एवढे सांगण्याची सोय प्रवाशाला असावी आणि त्या एका वाक्याला हजार ठिपक्यांपेक्षा जास्त वजन असावे. चुकीची जागा कळवणाऱ्या चालकाचे ऐकले जावे. 2020 मध्ये केंद्र सरकारने ॲपवरच्या टॅक्सी सेवांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या तेव्हा भाडे, परवाने, सुरक्षा यांची चर्चा झाली. भेटीच्या जागेचीही चर्चा तितक्याच गांभीर्याने व्हायला हवी.

त्या संध्याकाळी आम्ही शेवटी घरी गेलो ते रिक्षाने. रुग्णालयाच्या फाटकापासून वीस पावलांवर रिक्षा स्टँड होता. पाटीवरची अक्षरे उडाली होती, पण खाली तीन रिक्षा रांगेत उभ्या होत्या. पहिल्या रिक्षावाल्याने आईची पट्टी पाहिली, रिक्षा पुढे घेऊन थेट पायरीशी लावली आणि तिचा हात धरून तिला आत बसवले. मी तोवर मोबाइलकडेच पाहत होतो. आई म्हणाली, "अरे, स्टँड इथंच होता की. मघाशी कुणाला विचारलं का नाहीस?"